पुन्हा न आलेल्या बायका

कात्रीताईचा हात इतका हलका, की केस कापून घेता घेता बायकांना डुलक्या लागायच्या. नवरा गेल्यावर दुकान तिनं एकटीनं ओढलं. पण समोरच भिंतभर आरशांचं नवं सलून उघडलं, तेव्हा तिनं दिराचा सल्ला विचारला.

दिराचा घरसामान हलवायचा धंदा. तो म्हणाला, "वहिनी, नवं गिऱ्हाईक गाठा. पहिल्या वेळी अर्धा दर, अशी पाटी लावा. माझ्याकडे एकदा आलेलं माणूस परत कुठं दिसतं? तरी ट्रक रिकामा नसतो."

पाटी लागली आणि झुंबड उडाली. कात्रीताई रात्री मनगटं शेकायची, पण मनातून सुखावलेली असायची. मग समोरच्यानंही तशीच पाटी लावली. झुंबड रस्ता ओलांडून गेली. आता जुन्या बायका येतील, म्हणून ती वाट पाहत बसली. कुणी फिरकलं नाही. त्या यायच्या कधी थांबल्या, हे गर्दीत तिला कळलंच नव्हतं.

शेवटी जीव मुठीत धरून ती त्यांतल्याच एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या दारात गेली. बाईंचे केस मानेवर वाकडे कापलेले.

"बाई, माझं काय चुकलं?"

"दोनदा ताटकळून परत गेले गं. तिसऱ्यांदा तू मान वर न करता विचारलंस, पहिल्यांदाच आलात का? माझ्या लेकीच्या लग्नाआधीपासून येत होते मी."

कात्रीताईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. जिन्यावर बसून ती हमसून हमसून रडली.

घरी दीर भेटला, तशी ती त्याच्यावर कडाडली, "भावजी, माणूस घर काय दर महिन्याला बदलतो? केस मात्र दर महिन्याला वाढतात! तुमच्याकडे नवं कोण आलं ते बघायचं, माझ्याकडे परत कोण आलं ते. तुमच्या मापाचा झगा मी अंगात घातला, आणि तोंडघशी पडले."

दीर मान खाली घालून म्हणाला, "मला तरी कुठं कळलं, वहिनी."

मग ती दारोदार फिरली. बहुतेकींनी ओशाळं हसून सांगितलं, "आता तिकडची सवय झाली हो." शिक्षिकाबाईंनी तेवढं आत घेतलं, खिडकीपाशी खुर्ची ओढून केस कापायला बसल्या. पण एका खुर्चीवर पोट भरत नाही. दुकानाला कुलूप लागलं.

आता ती समोरच्या सलूनमध्ये नोकरीला आहे. सगळ्या आरशांतून तिचाच थकलेला चेहरा तिच्याकडे बघतो. एखादी जुनी बाई आत येते, तिला पाहून चपापते, आणि दुसऱ्याच खुर्चीत जाऊन बसते.