एका दमात
माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कळंबच्या आमच्या गणिताच्या गुरुजींचे. ओल्या फळ्यावरच्या खडूचा वास आला की एकोणीसशे साठनंतरच्या दिवसांतली ती दुपार आठवते. मुंबईत आमच्या कचेरीत नव्यानं आलेल्या संगणकासाठी आम्ही, इतरांना आयत्या वापरता येतील अशा आज्ञांचा संच लिहीत होतो. कळंबजवळच्या येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला माझ्यासोबत आलेले माझे साहेब वाटेत माझी जुनी शाळा बघायला थांबले. मागच्या बाकावरून एका दमात वाचता येईल तेवढंच फळ्यावर ठेवायचं, असा गुरुजींचा नियम होता. साहेबांनी संचातली बेरजेची आज्ञा लिहिली, तर सगळा फळा भरला. मागच्या बाकावरून वाचणाऱ्या पोराला मध्येच धाप लागली, वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "साहेब, दोन आकड्यांच्या बेरजेला लई सामान लागतंय तुमच्या. पुसू का?" साहेब माझ्या कानाशी लागले. "सोपं केलं तर आपल्याला विचारील कोण? संचावर तपासल्याची तुझी सही झाली, की बढती नक्की." त्यांच्या शेजारी उभं राहायचीही मला किळस आली. आजही मुद्दाम अवघड केलेलं काही दिसलं की तोंड कडू होतं. मुंबईला परतल्यावर महिनाभरात मी गुरुजींना पत्र टाकलं: "सही केली नाही. बढती गेली. बेरीज एका ओळीत बसवली आहे, ती खाली लिहितो. मागच्या बाकावरून वाचून घ्यावी, आणि धाप लागली तर कळवावं."