भिंतीकडची रुई

जुनी रुई पिंजताना धूळ आणि यंत्राचे तापलेले तेल यांचा मिसळलेला वास येतो. पुंडलिकनगरातल्या गादीवाल्या चाचांची पहिली ओळख मला त्या वासानेच झाली. गिऱ्हाइकाला ते दारातच थांबवतात, “आत रुई उडती, ताई.” स्वतः मात्र दिवसभर उघड्या तोंडाने आत खोकत असतात. कापड बांधा म्हटले, की उत्तर ठरलेले, “सवय हाय.”

परवा मोबाइलवर त्यांना एका तेजोमेघाचे, अवकाशातल्या वायूच्या ढगाचे, छायाचित्र दाखवले. मधल्या तप्त ताऱ्याच्या प्रकाशाने वायू तापून फुगतो, बाहेरच्या थंड वायूला रेटत नेतो. काठाशी तो दाटतो आणि तिथे नवे तारे जन्मतात, असे मी सांगितले.

चाचांनी पिंजणयंत्र बंद केले. यंत्राच्या वाऱ्याने मधली फरशी स्वच्छ झाली होती आणि भिंतीकडे रुईचे गोळे साचले होते. त्यातला एक उचलून ते हसले, “व्हय, ढकलल्याबिगर गोळा होत नाय. आमी हे झाडून टाकतो, ताई. आन् त्यो मधला तारा?”

“तो लवकर जळून संपतो.”

गोळा ठेवून ते मधे यंत्रापाशी परत गेले. मग खांद्यावरचा रुमाल त्यांनी नाकातोंडावर घट्ट बांधला आणि त्याआडून विचारले, “पुढं?”