जर्मन गाण्यातलं 'राहू दे'

माझ्या पुतण्याचा पहिला एकट्याचा अल्बम निघाला तेव्हा त्याने मोबाइलवर मला त्याच्या कव्हरचं चित्र पाठवलं. काळ्या चौकोनावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत दोन लहान शब्द होते. जर्मन असतील म्हणून मी ते वाचायचा प्रयत्नही केला नाही.

तो जर्मनीत जन्मला, तिथेच वाढला. माझा मोठा भाऊ इंजिनीअर होऊन तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. मुलगा बारा वर्षांचा होता तेव्हा दादा कामावरच कोसळला आणि गेला. पुतण्या पुढे दोन मित्रांबरोबर रॅप करू लागला. तालावर भरभर बोलत जायचं, तसलं गाणं. मग तिघांचं फाटलं आणि त्याने एकट्याने अल्बम काढला. चित्राखाली सोप्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'काका, पाचव्या गाण्यात बाबांचा आवाज आहे. लहानपणी मी खेळण्यातल्या टेपवर भरून ठेवला होता. ते काय बोलतात ते मला कधी कळलं नाही. ऐकून सांगाल का?'

मोहाडीत माझं कापडाचं दुकान आहे. जवळच्या करडी गावची एक मुलगी दुकानात यायची, नर्सिंग झालेली. भंडाऱ्यात नोकरी करून ती जर्मन शिकत होती, तिला तिकडच्या दवाखान्यात जायचं होतं. एका रविवारी दुपारी मी तिला मोबाइल दाखवला. तिने चित्राकडे बघितलं आणि हसली.

"काका, हे जर्मन नोहे. वाचा नं. राहू दे."

खरंच तसं लिहिलं होतं. तिने पाचवं गाणं लावलं. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. पुतण्याचा आवाज जाड होता, दादासारखा नाही. ती मधेमधे थांबवून वहीत लिहायची. "पुस्तकातलं जर्मन नाई हे, रस्त्यावरचं आहे. सगळं नाई समजून राहिलं," असं म्हणत तिने जे उतरवलं ते असं होतं: बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोन घेऊन उभे असायचे. जी भाषा त्यांनी मला दिली नाही त्या भाषेत बोलायचे. मी नुसता आवाज राखून ठेवला. तो आशीर्वाद आहे की किराण्याची यादी, मला ठाऊक नाही.

मग ताल थांबला आणि खरखरीतून दादा बोलू लागला.

"हाव, मीच बोलून राहिलो." मग थोडा वेळ काही नाही. "तिकीट भेटून राहिलं मले परवाचं." पुन्हा काही नाही. "काहून नको?" या वेळी बराच वेळ. "बरं. मायले दे नं फोन." आणि मग, "झोपली असन त राहू दे. नको उठवू. राहू दे."

त्या शेवटच्या दोन शब्दांवर ताल परत सुरू झाला आणि तेच शब्द घोळत राहिले. मुलीने विचारलं, "मोठे काका कोनाशी बोलून राहिले हे?"

"माह्याशी," मी म्हणालो.

"तुमचा आवाज काहून नाई आला मग?"

"फोनमधला पलीकडचा कसा येईल?"

मी गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून उठलो.

पलीकडचं सगळं मला पाठ होतं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचे बाबा लकव्याने सात महिने अंथरुणावर होते. त्यांना पुसणं, कूस बदलून देणं, चमच्याने पेज भरवणं हे माझ्या बायकोने आणि मी केलं. मागच्या खोलीतले चारही हातमाग बंद पडले, कारण मागावर बसायला मला वेळच नव्हता. दादा दर रविवारी फोन करायचा. बाबांची जीभ जड झाली होती, पण रविवारी ते सकाळपासून फोनकडे बघत बसत. मी भरवत असायचो आणि ते त्याची वाट बघत असायचे. गेले त्या दिवशीही त्यांनी त्याचंच नाव घेतलं.

अग्नी मी दिला. घाटावरच कोणीतरी म्हणालं, "मोठा येईलच तेरवीले. तो आला का सगळं नीट करन." ते माझ्या मनात रुतून बसलं. सात महिने मी नीट केलं नव्हतं काय? तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी ओसरीत उभा होतो. परवाचं तिकीट मिळतं आहे म्हणाला. मी आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "नको येऊ. जिवंतपणी नाई आला, आता कोनाले पाहाले येतं?" तो म्हणाला, काहून नको? मी म्हणालो, "माय तुहं तोंड पाहाले तयार नाई." त्याने मायला फोन दे म्हटलं. माय आत भिंतीला टेकून बसलेली होती, डोळे उघडे. मी म्हणालो, "झोपली आहे."

एवढंच. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं आणि मी फोन ठेवला. दोन दिवसांत आपण परत लावू असं वाटलं होतं. लावला नाही. तेरवी झाली. दादा आला नाही, आणि मायने त्याचं नाव घेणं सोडलं. पुढे त्याचे फोन येत, तेव्हा ती हाताने नको म्हणायची. "बापाच्या मौतीले ज्याले यावं नाई वाटलं, त्याच्याशी काय बोलाचं?" तिकडे तो समजायचा की मी म्हणालो तेच खरं. माझं खोटं दोघांनी मिळून खरं करून टाकलं आणि मी मधे गप्प बसलो. पाच वर्षांनी तो गेला. माय रडली, पण आत जाऊन, दार लोटून.

गाणं मायला ऐकवायचं नाही असं मी ठरवलं. नातवाचं गाणं निघालं हे तिला माहीत होतं. ती विचारायची, मी म्हणायचो, जर्मन आहे, तुला काय समजणार. पण ती करडीची मुलगी घरी यायची. एका संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर माय खाटेवर बसलेली, मुलीचा मोबाइल कानाला लावलेला. मुलगी कौतुकाने तिच्याकडे बघत होती. मी दारातच थांबलो.

मायने मोबाइल खाली घेतला. "हा मले मांगून राहिला होता फोन," ती म्हणाली.

मी चपला काढून आत आलो.

"मी कवा झोपली होती? त्या तेरा दिवसांत माहा डोळा नाई लागला."

मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून हळूच उठली आणि गेली. मी मायच्या समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. घाटावरचं बोलणं सांगितलं, सात महिन्यांचं सांगितलं. ते सांगायला नको होतं, त्याने माझीच बाजू मांडल्यासारखं झालं. तिने ऐकून घेतलं.

"तवा तू थकला होता," ती म्हणाली. "ते मले समजते. पन मंग पाच वर्षं त होती तुह्याजवळ."

ती मला जास्त काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, औषध घेतलं. फक्त गाणं ऐकायचं असलं की मला सांगायची नाही. त्या मुलीची वाट बघायची. मुलगी आली की दोघी बसायच्या, आणि पुतण्याचं बोलणं सरून दादाचं सुरू झालं की माय डोळे मिटून घ्यायची.

पुतण्याला कळवणं भाग होतं. मी मराठीत चार पानं लिहिली. दादाचं प्रत्येक वाक्य आणि त्याच्या आधीचं माझं वाक्य, जसं होतं तसं. मुलीने ते जर्मनमध्ये केलं. लिहिता लिहिता ती म्हणाली, "काका, हे नाई पाठवलं तरी त्याले कोन सांगनार आहे?" मी म्हणालो, पाठव.

दीड महिना उत्तर आलं नाही. त्या काळात मुलीने मला त्याच्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला. मोठं सभागृह, गोरी तरुण पोरं हात वर करून एका सुरात म्हणत होती, राहू दे, राहू दे. पुतण्या मंचावर माइक खाली घेऊन उभा होता, स्वतः म्हणत नव्हता. तो कार्यक्रम माझ्या पत्राच्या आधीचा की नंतरचा, हे मी विचारलं नाही.

मग त्याचा निरोप आला. 'मी वाचलं. मला सध्या तुमच्याशी बोलायचं नाही. आजीशी दर रविवारी बोलेन. फोन तुम्ही धरा.'

तसं सुरू झालं. रविवारी चारच्या सुमारास मी मोबाइल मायसमोर धरायचो, माझा चेहरा दिसणार नाही असा बाजूला बसून. त्यांना एकमेकांचं काही कळत नसे. माय त्याला विचारायची, "जेवला का रे?" तो जर्मनमध्ये काहीतरी सांगायचा. ती मान हलवायची. कधी तो एखादं भांडं, मांजर, खिडकीबाहेरचा बर्फ दाखवायचा. दहा मिनिटांनी ती म्हणायची, "आता ठेव, बिल येईल." बिल येत नाही हे मी तिला सांगितलं नाही.

दीड वर्ष हे चाललं. मुलगी मधेच जर्मनीला गेली. मग थंडीत माय गेली. मी पहिला निरोप पुतण्याला पाठवला, येशील का असं विचारलं, तिकीट मी काढतो म्हणालो. त्याने लिहिलं, आता नाही.

पुढच्या वर्षी तो न सांगता आला, नागपूरहून गाडी करून, एकटाच. दादापेक्षा उंच, दाढी वाढलेली. इंग्रजीत थोडंफार जमलं. चहा ठेवला तो त्याने घेतला नाही. मागच्या खोलीत गेला, मागांच्या जागी आता आम्ही कापडाचे गठ्ठे रचतो, ते बघितले. मग मला विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?

मी त्याला ओसरीतला कोपरा दाखवला. आणि आजी? आतली भिंत दाखवली. मधे सहा-सात पावलं होती. तो कोपऱ्यात उभा राहिला, आत बघत. मला वाटलं तो रडेल किंवा मला काही बोलेल. त्याने पाणी मागितलं.

बायकोने जेवायला वाढलं. तो जेवला, भात दुसऱ्यांदा घेतला. संध्याकाळच्या आत निघायचं होतं त्याला. गाडीपर्यंत मी गेलो. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली, माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला हिंदीत चलो म्हणाला.