विल्मा क्रॅट्झर नक्की कुणाची?

विल्मा क्रॅट्झर मत कुणाला देते हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्या या खोऱ्यात ही काही साधी गोष्ट नाही. निवडणुकीच्या वर्षी इथे प्रत्येकाच्या हिरवळीवर पाट्या उगवतात आणि हत्ती चिन्हाच्या पक्षाचे कोण, गाढव चिन्हाच्या पक्षाचे कोण, हे कालच राहायला आलेल्या माणसालाही अर्ध्या तासात कळतं. विल्माच्या हिरवळीवर मात्र फक्त शेवंती फुलायची. तिचा नवरा हॅरॉल्ड हे गुपित न कळताच वारला, असं लोक म्हणायचे आणि विल्मा ते नाकारायची नाही.

सत्तावीस वर्षं ती केंद्र सरकारच्या शेती कचेरीत खिडकीवर बसत होती. गारपीट झाली, मका झोपला, की हत्तीवाला असो वा गाढववाला, टोपी काढून तिच्याच खिडकीशी यायचा. सरकारी माणसाने कामाच्या जागी पक्ष दाखवायचा नाही असा कायदा आहे. बाकीचे तो पाच वाजेपर्यंत पाळतात. विल्मा तो घरी, चर्चमध्ये आणि केस कापून घेतानाही पाळायची.

याचं फळ म्हणून अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या सुगीच्या जेवणात सफरचंदाच्या बटरच्या स्पर्धेची परीक्षक गेली एकोणीस वर्षं तीच होती. बाहेरच्यांना हसू येईल, पण इथे दिवसभर तांब्याच्या कढईत सफरचंद ढवळून काळंभोर बटर, म्हणजे लोणी नसलेला घट्ट मुरंबा, करणाऱ्या बायका पहिल्या नंबरच्या त्या निळ्या फितीसाठी सख्ख्या बहिणीशी वैर धरतात. बरण्यांवर नाव नसतं, फक्त आकडा. विल्मा दर चमच्यानंतर पाणी पिऊन कोरडं बिस्किट खायची आणि निकाल द्यायची. त्या निकालावर आजवर कुणी कुजबुज केली नव्हती. तिच्या आयुष्यात एवढा एकच मान होता आणि तो तिला फार प्रिय होता.

त्या ऑक्टोबरला, निवडणूक पाच आठवड्यांवर असताना, खर्चाच्या मंजुरीवर दोन्ही पक्ष अडून बसले आणि वॉशिंग्टनने सरकार बंद केलं. म्हणजे कुणीच केलं नाही. दोन्हीकडच्या हुशार सल्लागारांनी पाहणी करून सांगितलं होतं की टाळं लागलं तर दोष समोरच्यांना लागेल. दोन्ही पाहण्या एकाच वेळी खऱ्या असणं अवघड होतं, पण दोघांनीही आपापल्या पाहणीवर श्रद्धा ठेवली, आणि श्रद्धेपुढे देश तो काय.

विल्माला पत्र मिळालं. त्यात ती 'अत्यावश्यक नाही' असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. बिनपगारी रजेवर जाण्याआधी आवराआवरीसाठी नियमाप्रमाणे चार तास दिले होते. तेवढ्यात तिने फ्रिजमधलं दूध ओतून दिलं, खिडकीतल्या रोपाला पाणी घातलं आणि ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लिहून ठेवलं: कचेरी बंद आहे, उघडताच कळवते, तसदीबद्दल माफ करा. खाली स्वतःचं नाव घातलं आणि ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात बटाटे निवडत असताना मर्ल फेन्स्टरमाकरने तिला गाठलं. मर्ल हा अग्निशमन दलाचा प्रमुख, आवाज भोंग्यासारखा. त्याने सगळ्या दुकानादेखत तिचा हात हातात घेतला.

"विल्मा, मानलं तुला. सत्तावीस वर्षं गप्प बसलीस, पण बोललीस तेव्हा काय बोललीस."

विल्माला कळेना. मर्लने फोन काढून तिचंच उत्तर तिला वाचून दाखवलं. अमुक पक्षाच्या हटवादीपणामुळे सरकार बंद पडलं आहे आणि म्हणून मी तुमची सेवा करू शकत नाही, असं त्यात होतं. खाली सही विल्मा क्रॅट्झर. पक्ष कोणता ते इथे सांगत नाही, विल्माला आवडणार नाही. मर्लचा नव्हता, एवढं पुरे. मर्लच्या पक्षाचे लोक वॉशिंग्टनमध्ये खात्याच्या डोक्यावर बसले होते आणि त्यांनी तिथूनच एका बोटाने सगळ्या कर्मचाऱ्यांचे शब्द बदलले होते. सह्या मात्र तशाच ठेवल्या, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

ती तडक आपल्या साहेबांकडे, डंकेलांकडे गेली. तेही बंदच होते, म्हणजे घरी छपराच्या पन्हळीतली पानं काढत होते. शिडीवरूनच त्यांनी कायदा समजावला. रजेवरच्या माणसाने कचेरीच्या कॉम्प्युटरला हात लावणं म्हणजे काम करणं, आणि बंदच्या काळात काम करणं, अगदी फुकट केलं तरी, गुन्हा.

"म्हणजे माझ्या नावाने खोटं जातंय ते चालू राहणार, आणि मी ते थांबवलं तर मी गुन्हेगार?"

"थोडक्यात हो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान काढलं.

त्या आठवड्यात कचेरीला ज्याने ज्याने ईमेल केला त्याला विल्माचं राजकारण पोचलं. आधी कधी ईमेल न केलेल्यांनीही मुद्दाम करून पाहिला. शेजारच्या डॉर्कस हॉकनबेरीनेही केला. डॉर्कस त्या उत्तरात दोषी ठरवलेल्या पक्षाची, आणि तीस वर्षांची मैत्रीण. हॅरॉल्डच्या आजारपणात रोज रात्री सूप घेऊन यायची ती. आता तिने स्वयंपाकघराचा पडदा विल्माच्या बाजूने ओढून घेतला. विल्मा समजवायला गेली तर दार उघडून म्हणाली, "सही तुझीच आहे ना?" सही तिचीच होती. दार लागलं. विल्मा घरी येऊन ओट्याशी उभं राहून रडली.

मग दोन्ही उमेदवारांची माणसं आली. मर्लच्या बाजूच्यांना तिचा 'निर्भीड सरकारी सेविका' म्हणून फोटो हवा होता. समोरच्यांना तिचाच फोटो 'नाव चोरलेली अबला' म्हणून हवा होता, फक्त स्वेटर जरा जुना घाला म्हणाले. तिने दोघांनाही कॉफी दिली आणि दोघांनाही नाही म्हटलं. झालं. ती समोरच्यांना सामील आहे, याबद्दल दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

सुगीच्या जेवणाच्या समितीनेही मग शहाणपण दाखवलं. विल्माला दुखवायचं नाही, पण वातावरण बघता यंदा समतोल हवा, असं तिला कळवण्यात आलं. समतोल म्हणजे दोन परीक्षक, दोन्ही बाजूंचा एकेक. विल्माला भांडी घासायचं काम मिळालं.

त्या शनिवारी हॉल भरला होता. परीक्षकांनी नऊ बरण्या चाखल्या. एक म्हणाला चार नंबर, तर दुसरीने सात सोडून काही ऐकेना. आधी मसाल्यावर बोलणं झालं, मग शेतकऱ्यांच्या अनुदानावर, मग सरहद्दीवर. पाऊण तासाने दोघंही उठून गेले आणि जाताना स्पर्धा समोरच्याने बंद पाडली असं सांगून गेले. निळी फीत टेबलावर तशीच राहिली.

शेवटी मर्लच भांड्यांपाशी आला. आवाज जरा खालीच होता.

"विल्मा, तूच बघ बाई. दुसऱ्या कुणाचं कोण ऐकणार?"

विल्माने हात पुसले. इतके दिवस ती याच वाक्याची वाट बघत होती, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पाण्याचा पेला आणि बिस्किटं मागून घेतली. हॉलमधली दोनशे माणसं तिच्या चमच्याकडे बघत होती. चार नंबर गोड होता, पण वरवरचा. सात नंबरचं सफरचंद तळापर्यंत शिजलं होतं, जिभेवर लवंग शेवटी आली, आणि तिचे डोळे आपोआप मिटले. तिने पुन्हा दोन्ही चाखले. घाई केली नाही.

"सात," ती म्हणाली.

मर्लने बरणी उचलून तळाची चिठ्ठी वाचली. डॉर्कस हॉकनबेरी. चार नंबर त्याच्या बायकोचा होता. अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. उरलेल्या अर्ध्याने एकमेकांकडे पाहिलं, आणि मर्ल, फारसा हळू नाही, बायकोला म्हणाला, "म्हणजे ईमेल नुसतं नाटक होतं तर."

तेवढ्यात डॉर्कस टेबलांमधून वाट काढत आली आणि तिने विल्माला घट्ट मिठी मारली. किती दिवसांनी. विल्माचे हात तिच्या पाठीवर टेकले आणि तिला भरून आलं.

"माझं मन सांगतच होतं गं," डॉर्कस तिच्या कानात म्हणाली, "तू मनातून आमचीच."

"डॉर्कस, अगं, बरणी तुझी आहे हे मला खरंच माहीत नव्हतं."

डॉर्कसने मागे होऊन तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि डोळा मारला.

"अगदी असंच सांगत जा सगळ्यांना."