ब्रेकला मोहाचं तेल

मी राहतो त्या घरच्या बाईंनी माझ्या सायकलच्या ब्रेकला तेल लावलं, ते मायेनं लावलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांना हसायचं.

गडचिरोलीकडच्या धानोऱ्यापासून बरंच आत एका पहाडीवर मोबाइलचा टॉवर आहे, तिथं मी राखणदार. गाव माझं सांगलीकडं. शाळा आठवीत सुटली. ठेकेदारानं 'जातो का?' विचारलं, तेव्हा किती लांब हेही न विचारता हो म्हणालो. दिवसभर टॉवरखाली एकटा बसतो. नेटवर्क भरभरून, पण फोन लावावा असं माणूस सुचत नाही. संध्याकाळी पहाडी उतरून बाईंच्या पडवीत येतो. शेजारणींशी त्या गोंडीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि भात वाढताना मागितल्यापेक्षा जास्त वाढतात.

सायकल इकडं येताना भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीतून जुनी घेतलेली. गिअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधोमध लोखंडी चकती. उतारावर ब्रेक दाबला की किंचाळायची. एका सकाळी उठलो तर बाई सायकलीपाशी बसलेल्या, हात तेलकट.

"तुयी सायकल लय रडते रे बाबू. म्या मोहाचं तेल लावून देल्लं. आता नाई रडत, पाह्य."

दोन्ही चकत्या चकचकत होत्या. "बरं केलंत बाई," मी म्हणालो, आणि मला खरंच बरं वाटलं. घर सोडल्यापासून माझ्या वस्तूला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

त्या संध्याकाळी उतारावर ब्रेक दाबला आणि सायकल थांबेचना. पाय घासत, चपलेचा तळ उडवत, नाल्याच्या पुलाअलीकडं झुडपात घुसलो तेव्हा थांबली. काट्यांनी हात फाटले. चकत्या साबणानं घासल्या, स्वच्छ झाल्या. पण चकतीला दोन्हीकडून धरणारे ते छोटे पॅड तेल पिऊन बसले होते, ते काही केल्या पकडेनात. पायी वेळेत पोचणं होईना. ठेकेदार फोनवर म्हणाला, "सायकल नाही तर सांग, दुसरा माणूस बघतो." दुसरा माणूस आला की ही पडवीही गेली, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

धानोऱ्याचा मिस्त्री हसला. "सायकलले डिस्क कायले पाह्यजे होती? साधी घे, रबर लावून देतो." मोबाइलवर बघितलं तर पॅडचे फोटो ढीगभर, सगळे सारखेच दिसणारे, आणि खाली प्रश्न, तुमचं मॉडेल कोणतं? माझ्या सायकलीवरचं नाव कधीच खरवडून गेलेलं. गडचिरोलीतून एक जोडी अंदाजानं आणली, ती खाचेत शिरेचना.

शेवटी एक दिवस मागून घेतला आणि जुने पॅड रुमालात बांधून एसटीनं चंद्रपूर गाठलं. सायकलच्या दुकानातल्या भाऊंनी पॅड हातात घेतला, नाकाशी नेला.

"याले तेल कोणं पाजलं?"

"मीच," मी म्हणालो.

"शाळा कुठवर?"

"आठवी."

"आठवीत ब्रेकले तेल लावाले शिकवते काय?"

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. मग भाऊंनी डबा उपडा केला आणि एकेक नवा पॅड माझ्या पॅडच्या पाठीला पाठ लावून बघू लागले. एकाचा कान लांब, एकाचं भोक वर. बऱ्याच वेळानं एक जोडी चारी बाजूंनी बरोबर बसली, भोकासमोर भोक आलं. "घे, हेच. दोन चाकांच्या दोन जोड्या. नवे आहेत, दोन-चार दिवस ओरडन. ओरडू दे. तेल पाजू नको बाप्पा!" मी त्यांना हात जोडले. ते म्हणाले, "अरे, देव आहो काय मी?"

पॅड बसवले. सायकल थांबली, आणि किंचाळलीही. अंगणात शिरलो तर बाई तेलाची वाटी घेऊनच उठल्या.

"अजून रडूनच राह्यली काय? आण इकडे."

खरं सांगायला तोंड उघडलं. पण मी लहानपणी चुलत्याच्या दुकानात एकदा तराजू पुसताना पाडला, तेव्हा 'तू हात लावू नको' असं ऐकलं, आणि पुन्हा कधी त्या दुकानात कशालाही हात लावला नाही. बाईंनी तसा हात मागं घेतला तर?

"बाई, तिथं नको," मी म्हणालो. "हिची साखळी लई कोरडी पडलीय. इथं लावा."

"आधी काऊन नाई सांगतलं?" त्या बसल्या, आणि मी पायडल फिरवत राहिलो, त्या कडीकडीला बोट लावत गेल्या.

आता दर बाजाराच्या दिवशी त्या साखळीला तेल लावतात. लागतं त्याहून जास्तच. मग टॉवरखाली बसून मी जादाचं तेल चिंधीनं पुसतो, चकतीवर उडालं नाही ना ते बघतो. उताराला लागायच्या आधी सायकलीवरून उतरून दोन्ही ब्रेक एकदा दाबतो. रोज.