सरसाची पाटी आणि घंटीचं यंत्र

हातात आलेलं पत्रक तुम्ही वाचता, की घडी घालून खिशात ठेवता? खरं सांगा. मी तर पत्रकांवरच वाढलो. आमच्या घरी धानाच्या कोठीवर त्यांचे गठ्ठे पडलेले असत, मी अक्षरं शिकलो ती त्यांच्यावरून. तरी हा प्रश्न स्वतःला विचारायला मी फार उशीर केला.

पुढे गावाच्या तलावावरच्या हक्कासाठी मी स्वतः पत्रकं काढू लागलो, तेव्हा आमचं पहिलं छापण्याचं साधन म्हणजे सरसाची पाटी. सरस आणि ग्लिसरीन एकत्र उकळून टिनाच्या पसरट ताटात ओतायचं, थिजलं की झाली पाटी. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद तिच्यावर पालथा दाबला की मजकूर तिच्यात उतरे. मग एकेक कोरा कागद वर ठेवून तळहाताने घासायचा. चाळीसेक प्रती निघत, त्यातल्या शेवटच्या अगदी फिक्या. चांद्याच्या उन्हात पाटी पाघळायची, म्हणून आम्ही ती गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या सावलीत, भाताच्या ओल्या तणसावर मांडून बसायचो.

घासण्याचं काम मोठीबाईचं. केस पिकलेली, तलावात जाळं टाकून पोट भरणाऱ्या घरची. तिला वाचता येत नव्हतं. दर कागद उचलला की मी तो मोठ्याने वाचायचो, म्हणजे कुठली ओळ फिकी पडली ते कळे आणि लेखणीने गडद करता येई. एकच मजकूर, दिवसभर. पाळीवर जाळी वाळवणारे लोक ऐकत आणि मधेच ओरडत.

"मत्स्यव्यवसाय काय म्हणते रे बाबू? मासोळ्या म्हण न सिधं!"

पुढच्या पत्रकात मी मासोळ्याच लिहायचो.

एकदा एकाने तक्रार केली, "ही फिकी प्रत मलेच काऊन?"

"गडद देली तं वाचशील काय तू?" मोठीबाई म्हणाली. "मले इचार. सारं तोंडपाठ हाय."

आणि खरंच तिने ते धडाधड म्हणून दाखवलं, मधे स्वतःच्या दोन शिव्या घालून. तिचा तळहात नंतर तीन दिवस जांभळा असायचा.

मला त्या पाटीची लाज वाटायची. इतक्या मोठ्या अन्यायाविरुद्ध लिहायचं आणि ते असं पुसट? त्यातच बातमी आली. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन तलाव सरकारकडे गेला होता, आता त्यातल्या मासोळ्यांचा लिलाव होणार होता. ज्यांच्या आजापणजांनी तो खणला त्यांनी पाळीवर उभं राहून बघायचं आणि जाळं शहरातल्या ठेकेदाराने टाकायचं! लिलावाआधी सरकारी साहेब गावाचं म्हणणं ऐकायला येणार होते. मी हट्टाने नागपूरहून सायक्लोस्टाइलचं चक्रमुद्रण यंत्र आणलं.

काय त्याचा थाट! फिरवायची मूठ, प्रती मोजणारी तबकडी, ठरलेल्या प्रती झाल्या की वाजणारी घंटी. कागदाभोवती वेलबुट्टी उमटवणारी एक पट्टीसुद्धा. पाळीवर वाऱ्याने कागद उडत, म्हणून ते घरात, दार लोटून चालवायचं. तासाभरात सगळं काम झालं. घंटी वाजली तशी मोठीबाई दारात आली.

"पूजा करून राह्यला काय बाबू? परसाद कुठी हाय?"

मी हसत तिच्या हातात पत्रक दिलं. तिने वेलबुट्टीवरून बोट फिरवलं.

"वेल तं मस्त हाय. मी काय करू आता?"

"काहीच नको करू, बाई. यंत्र करते सारं."

गावात घरोघरी स्वच्छ, काळ्याभोर अक्षरांची प्रत गेली. कलमं आणि दाखल्यांनी भरलेला मजकूर मात्र कुणीच ऐकला नव्हता.

साहेब शाळेच्या पडवीत बसले. त्यांनी मोठीबाईला विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

तिने पत्रक पुढे केलं. "याच्यात हाय सारं."

"यात काय आहे, ते तुम्ही सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे उभे असलेले सगळेच माझ्याकडे पाहू लागले. प्रत्येकाच्या हातात वेलबुट्टीचा कागद होता. मी उठून बोलू लागलो.

"तुम्ही जाळं टाकता का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. आमची शेती आहे."

"मग बसा."

मी बसलो. साहेबांनी पत्रकं गोळा करून पिशवीत घातली. लिलाव झाला.

परतताना मोठीबाई एवढंच म्हणाली, "तू मले आयकवलंच नाई न, बाबू."

आता पाळीवर ठेकेदाराचा माणूस बसतो. मोठीबाईच्या घरचे जाळी खांद्यावर टाकून लांब नदीवर जातात. मी पुन्हा सरस उकळला, अंगणात पाटी मांडली, स्वतःच घासलं. कागद उचलून मोठ्याने वाचला. पण माझं वाक्य तोडायला कुणीच नव्हतं. अजूनही एखादा कठीण शब्द लिहिताना मी थांबतो आणि मोहाखालून कुणी ओरडेल म्हणून वाट पाहतो. यंत्र कोपऱ्यात आहे. घंटी अजून छान वाजते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यापुढे हाती येणारं पत्रक खिशात घालण्याआधी, वाचता न येणाऱ्या एखाद्या माणसाजवळ बसा आणि त्याला ते मोठ्याने वाचून दाखवा. तो मधेच अडवेल, हसेल, शब्द बदलायला सांगेल. त्याला बोलू द्या, आणि त्याला ते पाठ होईस्तोवर उठू नका.