ओळखायला लागणारा वेळ

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. लातूर-सोलापूर रस्त्यावरच त्यांची उभी हयात गेली. खच्चून भरलेल्या गाडीत एकदा नजर फिरवली की कुणाचं तिकीट झालंय आणि कोण आत्ता चढलंय, हे त्यांना कळायचं. त्याच अण्णांना म्हातारपणी घरची माणसं ओळखू येईनात.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला भेटायला जाणं म्हणजे त्याची तोंडी परीक्षाच. पाहुणा टेकायच्या आत कुणीतरी मोठ्यानं विचारतं, "ओळखा बघू, कोन आलंय?" अण्णा चेहऱ्याकडे बघायला लागले न लागले तोच उत्तरही आम्हीच सांगायचो आणि पुढच्याला त्यांच्यासमोर उभं करायचो. व्हिडिओ कॉलवर तर फोन नुसता हातोहात फिरायचा. अण्णा बिचारे सगळ्यांनाच "हाव, हाव" म्हणायचे. त्यांची ओळख गेली नव्हती, ती सावकाश चालू लागली होती. एवढं साधं आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी नांदेडहून औशाला, भावाच्या घरी त्यांना भेटायला गेले. माझ्यावरूनही त्यांची तीच परीक्षा झाली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. एकदा तरी त्यांनी मला लेक म्हणून हाक मारावी, असं फार वाटत होतं. पण गाडीची वेळ झाली होती. "अण्णा, मी तुमची लेक," असं मीच सांगून टाकलं, पाया पडले आणि निघाले.

लातूरच्या स्टँडवर वहिनीचा फोन आला. "ताई, तुमी गेलात अन् अण्णा म्हनले, माझी लेक आली व्हती की. जेवली का ती?"

औसा तिथून अर्ध्या तासावर. परत फिरता आलं असतं. पण सोमवारी सकाळची शाळा, मला वर्गावर जायचं होतं आणि नांदेडची गाडी समोर लागली होती. पुढच्या रविवारी येऊच की, म्हणून मी चढले. त्या चढण्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या रविवारी कुणालाही काही विचारू दिलं नाही. अण्णांसमोर खुर्ची ओढली आणि ऊन उतरेपर्यंत गप्प बसून राहिले. त्यांनी मला निवांत, अगदी नीट न्याहाळलं. मग वहिनीला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "अगं, ह्या पाव्हण्या कवाच्या बसून हायेत. च्या तरी टाक."